मास्टरनीची स्लाइड

कोंबड्यांना मलेरिया होतो. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर ते आमच्या पांढरीपांडे मॅडमसमोर आलं नाही हे तुमचं नशीब समजा. त्यांच्यासमोर हसलेली माणसं मी पाहिली आहेत. एकाला हातातली बशी तशीच ठेवून लग्नातून उठावं लागलं होतं.

जबलपूरला जनावरांच्या रोगनिदानाच्या एका लहानशा सरकारी प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली काम केलं. डॉक्टर कुंदा पांढरीपांडे. वडील तोफांच्या कारखान्यात नोकरीला होते, बालपण घमापुरात गेलं आणि घर पुढे विजय नगरला झालं, एवढंच त्यांच्या चरित्राबद्दल मला ठाऊक आहे. त्याहून जास्त विचारायची कोणाची छाती नव्हती. विचारलं तर उत्तर यायचं, "माझी कुंडली काहून मांडून राहिला रे? ती स्लाइड मांड."

बुटकी, सडसडीत बाई. खळ घातलेली सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. सरकारने दोन डोळ्यांनी बघायचा नवा सूक्ष्मदर्शक दिला होता. तो त्यांनी आमच्या अंगावर टाकला आणि स्वतः जुना, एका डोळ्याचा, खाली आरसा असलेला वापरत राहिल्या. उजवा डोळा नळीला लावायचा आणि डावा मिटायचा नाही, ही त्यांची पद्धत. उजव्याने रक्त बघायच्या आणि डाव्याने आम्हाला. दुपारी जेवणानंतर माझी मान जरा कलली, की नळीवरून डोकं न उचलता आवाज यायचा, "विनय, घरी गादी नाही का?"

त्यांच्या रागाच्या पायऱ्या होत्या. 'अरे' म्हणाल्या तर सगळं ठीक आहे असं समजायचं. 'अहो' म्हणाल्या की खुर्ची सावरून बसायचं. आणि नावापुढे 'जी' लागलं, की समोरच्याने तडक घरी जावं हे बरं. बाकी सगळं जग राग आला की एकेरीवर येतं. या आदरावर जायच्या. "साहेबजी, आपण फार थोर आहात," असं त्या एकदा टेलिफोनवर म्हणाल्या, तेव्हा पलीकडच्या माणसाने फोन ठेवून दिल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

'बहुतेक' हा शब्द त्यांच्या खोलीत चालत नव्हता. मी नवीन असताना एका कोंबडीचं रक्त बघून म्हणालो, "मॅडम, बहुतेक काही नाही." त्यांनी माझी स्लाइड उचलून बेसिनमध्ये टाकली. "बहुतेक काय असते? तुझं लग्न बहुतेक झालं का? परत बघ." एकच वाक्य त्या सगळ्यांना, शिपायापासून संचालकांपर्यंत, सारखं ऐकवायच्या: "आधी बघा, मग बोला." आता वाटतं, या देशातल्या निम्म्या खुर्च्यांच्या पाठीवर हे कोरून ठेवायला हवं.

स्लाइडवर हिऱ्याच्या पेन्सिलने नंबर घालायचा असतो. त्या नंबर घालायच्याच, पण शेजारी कोंबडीचं नावही कोरायच्या. "नंबर साहेबांसाठी, नाव तिच्यासाठी." मालकाला विचारायच्या, "नाम क्या है इसका?" आणि माणूस "मुर्गी है, नाम क्या होगा" म्हणाला, की त्याच्याकडे अशा बघायच्या, जणू त्याने स्वतःच्या मुलीचं नाव विसरल्याचं कबूल केलं. आमच्या कपाटात त्यामुळे लैला, पुतली, छुटकी, रामप्यारी अशा नावांच्या काचा ओळीने उभ्या होत्या.

विजय नगरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी त्यांना 'दोन शब्द' बोलायला बोलावलं. कोणीतरी ओळख करून देताना म्हणालं, "कुंदाताई कोंबड्यांच्या मलेरियावर काम करतात," आणि मांडवात खसखस पिकली. रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ पुढच्या रांगेतून ओरडले, "मग कोंबडीला थंडी वाजली की गोधडी देता का हो?" झालं. प्रसादाचं पातेलं स्टेजच्या मागे होतं आणि तिथे जायची वाट मॅडमच्या खुर्चीवरून होती. त्यांनी खुर्ची जरा सरकवली, वाट बंद केली आणि बोलायला उभ्या राहिल्या. माणसाचा मलेरिया निराळा, हा निराळा. हाही डासच आणतो. हाही रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. कोंबडी सुस्त होते, हिरवी हगते, तुरा पांढरा पडतो, मेंदूतल्या बारीक नसा तुंबल्या तर पाय लुळे पडून मरते. माणसाला तिच्यापासून काही होत नाही. "तिला थंडी वाजते की नाही ते मला माहीत नाही," त्या गृहस्थांकडे बघून म्हणाल्या, "काहून की ती सांगत नाही. सांगता येत नाही म्हणून तिचं मरण विनोदी होत नाही, जोशीजी." जोशींना 'जी' लागलं तेव्हा मी मांडवातून हळूच बाहेर सरकलो. प्रसाद त्या दिवशी निवून गेला.

मला तेव्हा ही मंडळातली गंमत वाटली होती. हसण्याने कोणाचं काय जातं, असं वाटायचं. काय जातं ते पुढे गोहलपुरात बघितलं.

जमीला आपा एका सकाळी कापडी पिशवीत मेलेली कोंबडी घेऊन आली. गोहलपुरच्या एका गल्लीत तिचं घर, शेजारी जुन्या टायरांचं दुकान, मागे थोडी मोकळी जागा. नवरा वारलेला. तिने आयुष्यभर साध्या गावठी कोंबड्या पाळल्या होत्या, आणि एका सरकारी योजनेत तिला कडकनाथ मिळाल्या. आमच्या मध्य प्रदेशचं भूषण. पिसं काळी, कातडी काळी, तुरा काळा, आतलं मांसही काळं.

"दीदी, दो दिन से चुप थी, आज मर गई," जमीला म्हणाली. "पहले वाली मुर्गियों की कलगी सफेद पड़ती तो मैं समझ जाती थी। इनका तो कुछ पता ही नहीं चलता।"

मॅडमनी ते वाक्य मला दोनदा ऐकवलं. "ऐकलं? काळ्या तुऱ्यात पांढरेपणा दिसत नाही. बाई रोज बघून राहिली आहे, तरी तिला दिसून नाही राहिलं. चल, ऊठ."

आम्ही गेलो. गल्लीत कोंबड्या मोकळ्या हिंडत होत्या. सगळ्यांच्या पुढे एक चितकबरी गावठी कोंबडी, जुन्या कळपातली एकटी उरलेली. मान ताठ, पाय मोजून टाकत, कडकनाथांना सारखी टोकत, ओरडत. जमीला म्हणाली, "ये मास्टरनी है। दिन भर सबको डांटती है।" मॅडम चक्क हसल्या. त्यांना हसताना बघून मी चपापलो. "ही माझ्या वळणाची दिसते," म्हणाल्या.

मग त्यांची नजर पाण्याच्या भांड्यांवर गेली. ती भांडी म्हणजे आडवे चिरलेले जुने टायर. आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांची ही आवडती कल्पना होती. कबाडातून कमाल. टायरांच्या दुकानातून टायर आणायचे, अर्धे चिरायचे आणि कोंबड्यांच्या पाण्यासाठी वाटायचे. वाटतानाचा फोटो काढला होता. साहेब, टायर आणि मागे घाबरलेली जमीला.

मॅडम उकिडव्या बसल्या. टायरची कड आत वळलेली असते. त्या कडेखाली त्यांनी बोटं घातली, थोडं पाणी तळव्यात घेतलं आणि हात जमीलापुढे धरला. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"इधर तेरी मुर्गी की चोंच जाती है?"

"ना दीदी।"

"पानी फेंकती है कभी?"

"रोज़ ऊपर से भरती हूं। फेंकूंगी कैसे, दो गली दूर से लाती हूं।" मग तिच्या लक्षात आलं आणि ती रडकुंडीला आली. "मैंने ही पाले इनको?"

"तूने नहीं पाले," मॅडम म्हणाल्या. "जिसने फोटो खिंचवाया, उसने पाले."

त्या दिवशी त्यांनी कळपातल्या एकूण एक कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला. जमीलाने एकेक कोंबडी धरायची, नाव सांगायचं, मॅडमनी काचेवर थेंब ओढायचा, मी नाव कोरायचं. मास्टरनीने मॅडमच्या अंगठ्याला चोच मारून रक्त काढलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे बाई तुझं."

प्रयोगशाळेत आल्यावर रंग देऊन बघितलं. काही जणींच्या रक्तात मलेरियाचा जंतू होता. मॅडमनी मला बोलावून नळीपुढे बसवलं. "नीट बघ. माणसाच्या तांबड्या पेशीत मध्ये काही नसते. पक्ष्याच्या पेशीत मध्ये हा जांभळा ठिपका असतोच. तो तिचा स्वतःचा आहे, प्रत्येक पेशीत आहे. त्याला पाहून ओरडायचं नाही. तिच्या ठिपक्याला ढकलून शेजारी जो गोल बसला आहे, ज्याच्या अंगात काळे कण आहेत, तो परका. पहिल्या वर्षाचं पोरगं हमखास इथे फसते." बाकीच्या पुष्कळ जणींच्या काचा स्वच्छ होत्या. मास्टरनीची तर तासभर बघून झाली, काही म्हणजे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. आजारी वेगळ्या केल्या, औषध सुरू केलं, टायर उचलून फेकले, जमीलाने जुन्या साड्या जोडून खुराड्याला मच्छरदाणी शिवली. आणखी एक मेली, पण दोघी उठून दाणे टिपू लागल्या. कळप वाचणार असं दिसत होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. कळप वाचत होता.

आणि तेवढ्यात एका स्थानिक वाहिनीचा माणूस त्या गल्लीत आला. त्याने मेलेल्या कडकनाथचा फोटो काढला आणि संध्याकाळी बातमी झळकली: 'नीली-काली पड़ गई कलगी, गोहलपुर में बर्ड फ्लू की दस्तक?' बर्ड फ्लूमध्ये तुरा काळानिळा पडतो हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. कडकनाथचा तुरा अंड्यातून बाहेर आल्यापासून काळाच असतो हे वाचलं नव्हतं. ज्या राज्यात या कोंबडीची पोस्टरं लावतात, तिथे! त्याचं एक सोडा, तो टीव्हीवाला. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हे त्याच्यापुरतं राहिलं नाही. वरून फोन आले, साहेब घाबरले. नमुने भोपाळला तपासायला गेले, आणि ते गाडीतून पोचायच्या आधी इकडे ठरलं की गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या.

मॅडमनी काय करावं? आपला जुना सूक्ष्मदर्शक ई-रिक्षात मांडीवर घेतला आणि गोहलपुर गाठलं. टायरांच्या दुकानाच्या टेबलावर तो उन्हाकडे आरसा करून मांडला. लैला नावाच्या आजारी कोंबडीची काच लावली, आणि साहेबांची जीप यायची वाट बघत उभ्या राहिल्या.

साहेब उतरले. स्वतः जनावरांचे डॉक्टर, पण काचेला हात लावून किती वर्षं झाली असतील देव जाणे. मागे पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातली माणसं.

"साहेबजी," मॅडम म्हणाल्या, "यह फ्लू नहीं है. मलेरिया है. एक बार देख लीजिए. आधा मिनट."

साहेब हसले. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मॅडम, मुर्गी को मलेरिया! अब आप इनके लिए मच्छरदानी भी लगवाइएगा?" आणि खुराड्यावर खरोखरच साड्यांची मच्छरदाणी टांगलेली दिसली, तेव्हा ते आणखी मोठ्याने हसले. साहेब हसले म्हणून कारकून हसला, कारकून हसला म्हणून ड्रायव्हर हसला.

"देख तो लीजिए."

"रिपोर्ट आएगी तो देखेंगे। अभी तो एहतियात है।"

एहतियात! म्हणजे खबरदारी. भोपाळचा निकाल यायचा होता, तोवर गल्ली बंद करून थांबता आलं असतं. पण थांबलं तर वाहिनीवाला विचारणार, काय केलं? कोंबड्या मारल्या की काहीतरी केलं असं दिसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे चोर टायरच्या कडेखाली साहेबांच्याच फोटोत बसला होता.

मोकळ्या कोंबड्या त्या पांढऱ्या माणसांच्या हाती लागेनात. छपरावर गेल्या, टायरांत शिरल्या. मग एकजण जमीलाला म्हणाला, "अम्मा, आप बुलाओ।" मॅडम ओरडल्या, "जमीला, मत बुला!" पण चार सरकारी माणसं आणि एक पोलीस समोर उभा असताना जमीला काय करणार? तिने दाण्याची थाळी हातात घेतली आणि रोजच्यासारखं "आ, आ" केलं. सगळ्या आल्या. सर्वांत पुढे मास्टरनी, मान ताठ करून, मागच्यांना दटावत.

मॅडम तिथून हलल्या नाहीत. खड्डा भरून चुना पडेपर्यंत सूक्ष्मदर्शकापाशी उभ्या होत्या. लैलाची काच लावलेलीच होती आणि कोणीही तिला डोळा लावला नव्हता.

भोपाळचा निकाल आला. फ्लू नव्हता. साहेब म्हणाले, "चलो, अच्छा हुआ।" एवढंच! मी आजही ते शब्द मनात आणले तर माझं डोकं फिरतं. कोणासाठी अच्छा हुआ?

नंतरचे महिने मॅडम जाता-येता साहेबांच्या दाराशी थांबायच्या. "साहेबजी, बघायला कधी येता?" साहेब बैठकीत असायचे. कार्यालयात त्यांचं नाव 'मच्छर मॅडम' पडलं. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. एकदा मला म्हणाल्या, "म्हणू दे रे. मच्छर चावते तरी." पण त्या थकल्या होत्या. 'अरे' कमी झालं होतं, सगळ्यांनाच 'अहो' म्हणायला लागल्या होत्या.

मग त्यांचा निवृत्तीचा दिवस आला. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या, टेबलावर शाल, श्रीफळ, समोसे. अध्यक्ष अर्थात साहेबच. मागच्या रांगेत मॅडमनी बोलावलेली जमीला आपा बुरखा सावरत बसली होती. साहेबांनी भाषणात मॅडमच्या 'डेडिकेशन'चं कौतुक केलं, मच्छरदाणीचा विनोद पुन्हा एकदा केला, आणि शाल उलगडून पुढे झाले.

"थांबा साहेबजी," मॅडम म्हणाल्या. "शाल मग. आज तरी बघून घ्या."

कोपऱ्यात त्यांचा जुना सूक्ष्मदर्शक मांडलेला होता, काच लावून, आरसा उन्हाकडे करून. आता इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? साहेब शाल हातावर टाकून हसत हसत गेले, वाकले, एक डोळा घट्ट मिटून दुसरा नळीला लावला.

"हां हां," साहेब म्हणाले. "दिख गया।"

"काय दिसलं?"

"आपका मलेरिया। हर सेल में बैठा है, बैंगनी-बैंगनी। भई, मान गए मॅडम!" त्यांनी मान वर काढली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. प्रत्येक पेशीत. मधला जांभळा ठिपका.

मॅडमनी टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाल्या, "साहेबजी, तो ठिपका कोंबडीचा स्वतःचा असतो. ही मास्टरनीची स्लाइड आहे. तिला काही झालेलं नव्हतं."

साहेबांचा हात शालीवर तसाच राहिला. क्षणभर वाटलं, आता काहीतरी होईल. या माणसाला लाज वाटेल. पण ते हसले. "रिटायरमेंट के दिन भी परीक्षा!" म्हणाले. लोक सुटल्यासारखे हसले, कोणीतरी समोशांचं ताट फिरवायला घेतलं, आणि शाल मॅडमच्या अंगावर न पडता खुर्चीच्या पाठीवर पडली. आठवलं की अजून हात शिवशिवतात.

मॅडम कोणाकडे बघत नव्हत्या. मागच्या रांगेतून जमीला उठून कोपऱ्यात आली होती. "दीदी, मास्टरनी का है? मैं देखूं?"

त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, आरसा जरा वळवून उजेड नीट केला. जमीलाने डोळा लावला आणि खूप वेळ बघत राहिली.

"इसमें वो कहां है, दीदी? बीमारी वाला?"

इतक्या वर्षांत ज्या बाईला मी कधी हळू बोलताना ऐकलं नाही, ती इतकी हळू बोलली की मला पुढे सरकावं लागलं. "इसमें नहीं है, जमीला."

"कहीं भी नहीं?"

"कहीं भी नहीं."

जमीलाने नळीवरून डोळा काढला नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून मॅडम उभ्या होत्या. मागे समोसे वाटले जात होते, साहेब फोनवर बोलत जीपकडे निघाले होते. थोड्या वेळाने मॅडमनी काच काढली, पदराने पुसून जमीलाच्या हातात दिली, आणि दोघी फाटकातून बाहेर पडल्या. शाल आणि नारळ खुर्चीवरच राहिले.